लारकान्याचा अर्ज : पाकिस्तान, १९७७

सिंधू नदीच्या उजव्या तीरावरचा लारकाना जिल्हा १९३६ सालापर्यंत, म्हणजे सिंध हा स्वतंत्र प्रांत होईतो, मुंबई इलाख्यातच मोडत असे. तेथील बड्या जमीनदार घराण्यातले सर शाहनवाज भुट्टो हे त्या इलाख्याच्या कारभारात मंत्री म्हणून वावरले होते, आणि त्यांचे चिरंजीव झुल्फिकार अली यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत झाले होते. पुढे पाकिस्तानच्या पंतप्रधानपदी आरूढ झालेल्या या पुरुषाने १९७७ च्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी आपल्या वडिलार्जित मुलखातून उमेदवारीचा अर्ज भरला, तेव्हा तेथे त्यांचा पराभव होईल अशी आशा त्यांच्या कट्टर वैऱ्यानेही बाळगली नसती. तरीही त्यांच्याविरुद्ध उभे राहू पाहणारे जमात-ए-इस्लामीचे मौलाना जान मुहम्मद अब्बासी यांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि अर्ज दाखल करण्याची मुदत उलटून जाईपर्यंत मोकळे केले नाही. मुदत संपली, दफ्तरात एकच अर्ज उरला आणि पंतप्रधान बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनीही तोच कित्ता गिरवला. जी जागा हात जोडून मागितली असती तरी मिळाली असती, ती फौजदाराकरवी घेण्यात आली. त्या वर्षीच्या पुढील सर्व अनर्थाचे बीज मला या एका कृत्यात दिसते. कारण ज्या निवडणुकीचा आरंभच असा झाला, तिच्या अखेरीस कोणते आकडे जाहीर झाले याला फारसा अर्थ उरला नव्हता.

भुट्टोंच्या कर्तृत्वाविषयी कृपणता दाखविणे अन्यायाचे होईल. १९७१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती जे राज्य आले ते निम्मे होऊन आले होते. पूर्वेकडील प्रांत बांगलादेश म्हणून वेगळा झाला होता, सुमारे नव्वद हजार माणसे भारताच्या कैदेत होती आणि सेनेची प्रतिष्ठा धुळीस मिळाली होती. अशा स्थितीत त्यांनी सिमल्यास येऊन इंदिरा गांधींशी करार केला, कैदी परत नेले, आणि विरोधी पक्षांचीही संमती मिळवून १९७३ ची राज्यघटना सिद्ध केली. पाकिस्तानच्या जन्मानंतर पाव शतकाने का होईना, लोकनियुक्त प्रतिनिधींनी एकमताने मान्य केलेली अशी सनद त्या देशाला लाभली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ज्या हातांनी ती सनद लिहिली त्याच हातांनी तिची कलमे एकेक करून तहकूब केली. १९७१ पासून चालत आलेली आणीबाणी उठविण्यात आली नाही. बलुचिस्तानातील लोकनियुक्त सरकार १९७३ च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले आणि तेथे लष्कर धाडण्यात आले. १९७५ साली वलीखान यांच्या नॅशनल अवामी पक्षावर बंदी घालून त्याच्या पुढाऱ्यांना हैदराबादच्या तुरुंगात खटल्यास उभे करण्यात आले. पोलिसांच्या जोडीला संघराज्य सुरक्षा दल नावाची एक सशस्त्र फौज पंतप्रधानांच्या हुकुमतीखाली उभी राहिली, आणि विरोधकांच्या सभा उधळण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला.

७ जानेवारी १९७७ रोजी भुट्टोंनी मुदतीच्या अगोदरच निवडणुका जाहीर केल्या. त्यापूर्वी दोनच दिवस जमीनधारणेची कमाल मर्यादा बागायतीस १०० आणि जिरायतीस २०० एकरांवर आणल्याची घोषणा झाली होती. विरोधक विखुरलेले होते, आणि ते एकत्र येण्याच्या आत कौल घेऊन मोकळे व्हावे असा हिशेब त्यामागे असावा. तो हिशेब चार दिवसांत चुकला. नऊ पक्षांनी एकत्र येऊन ‘पाकिस्तान कौमी इत्तेहाद’ नावाची आघाडी उभारली, आणि जमियत-उल-उलेमा-ए-इस्लामचे मौलाना मुफ्ती महमूद यांस तिचे अध्यक्ष केले. हे नऊ एका माळेचे मणी नव्हते. त्यांत मौलवी होते, निवृत्त हवाईदलप्रमुख असगरखान होते, जुन्या वळणाचे लोकशाहीवादी नवाबजादा नसरुल्लाखान होते, पीर पगारांची मुस्लिम लीग होती, आणि बंदी घातलेल्या अवामी पक्षाचे अनुयायी शेरबाज मजारी यांच्या नेतृत्वाखाली नव्या नावाने आले होते. भुट्टोंच्या पीपल्स पक्षाचे चिन्ह तलवार, इत्तेहादचे नांगर. इत्तेहादच्या सभांना कराचीत आणि लाहोरात जी अलोट गर्दी जमू लागली, तिने राज्यकर्त्यांच्या मनातील स्वस्थता नाहीशी केली.

७ मार्चला मतदान झाले. दोनशे सर्वसाधारण जागांपैकी पीपल्स पक्षाला १५५ आणि इत्तेहादला अवघ्या ३६ मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. पंजाबातील आकडा तर कोणाही विचारी माणसास थक्क करणारा होता. तेथील ११५ जागांपैकी इत्तेहादच्या वाट्याला ८! ज्या प्रांतातील शहरांनी आठ आठवडे विरोधकांच्या सभा तुडुंब भरविल्या होत्या, त्या प्रांताने त्यांना इतके पूर्णपणे झिडकारावे, हे कोणालाच पटेना. मतपेट्या पळविल्याच्या, मतदान केंद्रातून प्रतिनिधींना हाकलल्याच्या आणि कोऱ्या मतपत्रिकांवर शिक्के मारल्याच्या तक्रारी गावोगावहून आल्या. एकंदर मतांपैकी सुमारे ५८ टक्के मते पीपल्स पक्षास मिळाल्याचे अधिकृत आकडे सांगतात. त्यांतले खरे किती आणि भरीला घातलेले किती, याची रुजवात कधीच झाली नाही. प्रामाणिक मोजणीतही भुट्टोंना बहुमत मिळाले असते, हे त्या काळच्या अनेक जाणत्या निरीक्षकांचे मत मलाही ग्राह्य वाटते. आणि म्हणूनच या प्रकरणाचे दुःख अधिक वाटते. साधे बहुमत त्यांना पुरेसे वाटले नाही. घटनेत हवे ते फेरफार करता येतील असे दोनतृतीयांश हवे होते, आणि वरून आलेली ही इच्छा ओळखून जिल्ह्याजिल्ह्यांतील अंमलदारांनी आपापल्या निष्ठेचे प्रदर्शन मतपेटीत केले. हाकिमाच्या मर्जीवर ज्याची बढती आणि बदली अवलंबून, तो डेप्युटी कमिशनर मागितल्यापेक्षा अधिकच देतो.

तीन दिवसांनी, १० मार्चला, प्रांतिक विधिमंडळांसाठी मतदान होते. इत्तेहादने त्यावर बहिष्कार पुकारला आणि मतदान केंद्रे ओस पडली. ७ तारखेला काय घडले याविषयी शंका असलीच तर या ओसाड केंद्रांनी ती फेडली. १४ मार्चपासून लोक रस्त्यावर उतरले.

या चळवळीचे स्वरूप ध्यानी घेतल्याखेरीज तिचा शेवट समजणार नाही. सभाबंदीचा हुकूम सर्वत्र जारी होता, पुढारी पटापट तुरुंगात जात होते. तेव्हा लोकांना एकत्र येण्यासाठी सरकारला बंद करता न येणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे मशीद. शुक्रवारची नमाज संपली की तेथूनच मिरवणूक निघे. वकिलांच्या संघांनी काळे कोट घालून मोर्चे काढले, बाजारपेठांतील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि एरवी उंबऱ्याबाहेर न दिसणाऱ्या स्त्रिया हाती कुराण घेऊन निघाल्या. मागणी अगदी लौकिक होती : निवडणूक रद्द करा, पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा, निःपक्षपाती देखरेखीखाली पुन्हा मतदान घ्या. परंतु जेथून मिरवणूक निघते त्या जागेचा रंग मिरवणुकीस चढतो. मताच्या हक्काची घोषणा हळूहळू मागे पडली आणि ‘निझाम-ए-मुस्तफा’ची, म्हणजे पैगंबरप्रणीत राज्यव्यवस्थेची, घोषणा पुढे झाली. सभागृह आणि मैदान लोकांना खुले ठेवले असते तर मतांचा तंटा मतांचाच राहिला असता, असे मला निश्चयाने वाटते.

सीमेच्या अलीकडे त्याच पंधरवड्यात काय चालले होते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. इंदिरा गांधींनी १८ जानेवारीला, भुट्टोंच्या घोषणेनंतर अकराच दिवसांनी, निवडणुका जाहीर केल्या होत्या. येथेही आणीबाणी होती, पुढारी तुरुंगात होते, वृत्तपत्रे जखडलेली होती. भुट्टोंचे शाळासोबती आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिणारे पिलू मोदी हेही त्या बंदिवासातून सुटले नव्हते. परंतु २० मार्चला मोजणी सुरू झाली तेव्हा रायबरेलीच्या निर्वाचन अधिकाऱ्याने खुद्द पंतप्रधानांचा पराभव जाहीर केला, दुसऱ्या दिवशी अंतर्गत आणीबाणी उठली आणि २४ मार्चला मोरारजी देसाई यांचा शपथविधी झाला. आणीबाणीतील अत्याचारांचे पातक त्या एका गोष्टीने धुऊन निघत नाही; तथापि मोजणाऱ्याचा हात येथे स्वतंत्र राहिला एवढे खरे, आणि कराची-लाहोरचे लोक लाठ्या खात असताना ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचत होती. आपल्याला जे नाकारले गेले ते शेजारी घडू शकते, हे त्यांनी पाहिले.

९ एप्रिलला लाहोरात पंजाबच्या नव्या विधिमंडळाचे अधिवेशन भरावयाचे होते. ज्या सभागृहाची निवडणूकच लोकांनी मानली नव्हती, त्याच्या दाराशी वकिलांचे, विद्यार्थ्यांचे आणि स्त्रियांचे जथे जमले; पोलिसांनी प्रथम लाठ्या चालविल्या, नंतर अश्रुधूर सोडला आणि शेवटी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी लाहोरच्या रस्त्यांवर माणसे मेली. हे तेच लाहोर, जेथे १९६७ च्या नोव्हेंबरअखेर पीपल्स पक्षाची स्थापना झाली होती आणि जेथील तरुणांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अयूबखानांविरुद्धच्या आंदोलनात भुट्टोंना खांद्यावर घेतले होते. त्यानंतर ओहोटी थांबली नाही. स्पेनमधील राजदूत एअर मार्शल रहीमखान आणि ग्रीसमधील राजदूत जनरल गुल हसन यांनी आपल्या पदांचे राजीनामे दिले. १९७१ च्या डिसेंबरात सत्तांतराच्या वेळी भुट्टोंना आणण्यात ज्यांचा वाटा होता तेच हे दोघे सेनानी.

भुट्टो यानंतर जे वागले ते धैर्यवान माणसाचे वागणे नव्हते. न्याय मागणाऱ्यांना त्यांनी धर्म देऊ केला. लाहोरच्या इछरा भागात जाऊन त्यांनी जमातचे वृद्ध संस्थापक मौलाना मौदुदी यांची भेट घेतली, आणि १७ एप्रिलला मद्य, जुगार व रात्रीची नृत्यगृहे यांवर बंदी आणि रविवारऐवजी शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. फेरनिवडणुकीचा मात्र शब्द नाही. मौलवींना हे अपुरे वाटले आणि वकिलांनी तर हे मागितलेच नव्हते. राज्यकर्त्याने मूळ तक्रार सोडून भलतीच मागणी पुरवावी, म्हणजे तक्रारही जिवंत राहते आणि भलतेच पायंडे देशाच्या गळ्यात पडतात. १७ एप्रिलचे हुकूम भुट्टोंनंतर टिकले, आणि त्यांच्या मागून येणाऱ्याने त्यांवर आपली इमारत उभारली.

२१ एप्रिलला कराची, लाहोर आणि हैदराबाद या तीन शहरांत लष्करी कायदा पुकारण्यात आला. दुसऱ्याच दिवशी ‘पहिया जाम’, म्हणजे चाक बंद, असा हरताळ होता. पंतप्रधानांनी बोलाविलेली सेना आता मुलकी दंगलीत लोकांसमोर उभी राहिली. लाहोरात गोळीबाराचे हुकूम पाळण्यास तीन ब्रिगेडियरांनी नकार दिला. आपल्याच लोकांवर बंदूक चालविणे आपल्या शपथेत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या तिघांचे स्मरण आजही आदराने केले पाहिजे. सेनादलांच्या प्रमुखांनी २७ एप्रिलला सरकारच्या पाठिंब्याचे संयुक्त पत्रक काढले खरे. परंतु ज्या सरकारला आपल्या सेनापतीकडून निष्ठेचे जाहीर प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याची सत्ता कोणाच्या हाती गेली हे उघड आहे. दुसऱ्या बाजूने असगरखानांनी तुरुंगातून सेनाधिकाऱ्यांस पत्र लिहून बेकायदा हुकूम मानू नका असे आवाहन केले. त्यांचा हेतू शुद्ध असेलही. तथापि मुलकी तंट्यात बराकीचे दार ठोठावणारे हात आता दोन्ही बाजूंचे झाले. जूनच्या आरंभी लाहोरच्या उच्च न्यायालयाने शहरांतील लष्करी कायदा घटनाबाह्य ठरविला, तोवर सेनेने राज्य चालविण्याचा अभ्यास पुन्हा करून घेतला होता.

२८ एप्रिलला राष्ट्रीय विधिमंडळात दीर्घ भाषण करून भुट्टोंनी या सगळ्यामागे अमेरिकेचा हात असल्याचा आरोप केला. फ्रान्सकडून अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा कारखाना घेण्यावरून वॉशिंग्टनशी त्यांचे वाकडे आले होते, ही गोष्ट खरी. पण लाहोरचा दुकानदार कोणाच्या तारेवरून छातीवर गोळी घेण्यास निघाला नव्हता.

अखेर सौदी अरबस्तानचे राजदूत रियाध अल-खतीब यांच्या मध्यस्थीने ३ जूनला वाटाघाटी सुरू झाल्या. मेजाच्या एका बाजूस भुट्टो, कायद्याचे जाणकार अब्दुल हफीज पीरजादा आणि मौलाना कौसर नियाझी. दुसऱ्या बाजूस मुफ्ती महमूद, नवाबजादा नसरुल्लाखान आणि जमातचे प्रोफेसर गफूर अहमद. मार्चमध्ये एका शब्दाने मिटले असते ते आता कलमाकलमाने मिटवावयाचे होते. तरीही ही माणसे समंजस होती, आणि मसलत पुढे सरकली. १५ जूनच्या सुमारास मुख्य तत्त्व ठरले : विधिमंडळे बरखास्त व्हावीत, ऑक्टोबरात पुन्हा मतदान व्हावे, पकडलेल्यांची सुटका व्हावी. उरला होता तो तपशील. आणि नेमक्या त्या वेळी पंतप्रधान सौदी अरबस्तान, लिबिया, इराण वगैरे देशांच्या दौऱ्यावर निघून गेले! ज्या मसुद्यावर देशाचे प्राण टांगले होते तो कनिष्ठ सहकाऱ्यांवर सोपवून जवळजवळ आठवडाभर ते बाहेर राहिले. या प्रवासाचे समर्थन मला कोठेही पटलेले नाही. आठ दिवसांत इत्तेहादमधील संशय पुन्हा वाढला. वेळकाढूपणा चालला आहे, ऑक्टोबर येईपर्यंत लोक थकतील आणि हा मनुष्य शब्द फिरवील, असे असगरखान आणि बेगम नसीम वलीखान यांच्यासारखे कडवे सभासद म्हणू लागले. आणि लारकान्याचा अनुभव पाठीशी असता त्यांना खोटे ठरविणे कठीण होते. म्हणून त्यांनी निवडणुकीवर देखरेख करणारे, घटनेने संरक्षिलेले एक मंडळ मागितले. त्या मंडळाचे अधिकार किती, यावर सारे अडले. सरकारच्या वरचे सरकार नको, हा भुट्टोंचा आक्षेपही अगदीच निराधार नव्हता.

१ जुलैच्या रात्री सुरू झालेली बैठक पहाटेपर्यंत चालली आणि मसुदा जवळजवळ पुरा झाला. मुफ्ती महमूद तो घेऊन इत्तेहादच्या मंडळासमोर गेले. मंडळाने आणखी काही मुद्दे काढले आणि वाटाघाटी करणाऱ्या तिघांना पुन्हा पाठविले. ४ जुलैच्या रात्री भुट्टोंनी पत्रकारांना बोलावून, हेही मुद्दे मान्य करून उद्या करार पुरा करू, अशा आशयाचे निवेदन केले. पुढे कौसर नियाझी आणि प्रोफेसर गफूर या दोघांनीही, एकमेकांच्या विरुद्ध बाजूस बसलेल्या दोघांनी, आपापल्या आठवणींची पुस्तके लिहिली आणि करार हाताशी आला होता अशीच साक्ष दिली.

दस्तखत होण्यापूर्वीच मध्यरात्रीनंतर लष्कराच्या गाड्या निघाल्या. ज्येष्ठ अधिकाऱ्यांना डावलून भुट्टोंनीच १९७६ च्या मार्चात सरसेनापती केलेले जनरल झिया-उल-हक यांनी ५ जुलैच्या पहाटेपर्यंत पंतप्रधान आणि इत्तेहादचे पुढारी अशा दोघांनाही कैद केले, आणि मरी या थंड हवेच्या ठिकाणी दोन्ही पक्षांस नजरकैदेत ठेवले. संध्याकाळी आकाशवाणीवरून राष्ट्राला आश्वासन मिळाले की नव्वद दिवसांत निवडणुका होतील आणि सेना बराकीत परतेल. कित्येक शहरांत मिठाई वाटली गेली. चार महिने रक्त सांडून थकलेल्या लोकांना सुटल्यासारखे वाटले, याबद्दल त्यांना दोष देण्याचे माझ्याने होत नाही. पुढाऱ्यांना मात्र देता येतो.

नव्वद दिवसांची मुदत टळली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ‘आवश्यकतेच्या तत्त्वा’वर लष्करी सत्ता वैध ठरविली. ज्यांनी मतांसाठी चळवळ केली त्यांतील काही पक्ष १९७८ च्या ऑगस्टात झियांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले. १९७४ मधील एका खुनाच्या खटल्यात भुट्टोंना लाहोर उच्च न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती कायम केली, आणि ४ एप्रिल १९७९ च्या पहाटे रावळपिंडीच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. तो खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता, असे त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले. १९७९ च्या ऑक्टोबरात निवडणुका बेमुदत पुढे ढकलल्या गेल्या आणि राजकीय पक्षांवर बंदी आली.

१९८१ च्या फेब्रुवारीत कराचीतील क्लिफ्टन भागात, भुट्टोंच्या घरी, एक बैठक भरली. यजमानीण होत्या बेगम नुसरत भुट्टो. आणि त्यांच्यासमोर ज्या पक्षांचे प्रतिनिधी बसले, त्यांत चार वर्षांपूर्वी त्यांच्या पतीच्या राजीनाम्यासाठी रस्त्यावर उतरलेले नवाबजादा नसरुल्लाखान, असगरखान आणि शेरबाज मजारी यांचे पक्ष होते. लोकशाहीच्या पुनःस्थापनेसाठी त्यांनी मिळून जी आघाडी स्थापन केली, तिच्या जाहीरनाम्यात लष्करी कायदा उठवावा, १९७३ ची राज्यघटना पूर्ववत करावी आणि मोकळ्या वातावरणात प्रामाणिक निवडणुका घ्याव्यात, अशा मागण्या होत्या. पक्षांना आपापल्या नावाने लढता येईल अशी निवडणूक त्या देशात झाली ती झियांच्या अपघाती मृत्यूनंतर, १९८८ च्या नोव्हेंबरात.